आधी पूर्वेतिहास, मग वय

अमेरिकेतील वैद्यक पासष्टाव्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी थांबविण्याची मुभा देते. परंतु त्या मुभेला अट अशी आहे की, मागील दहा वर्षांत त्या स्त्रीच्या तपासण्या वेळच्या वेळी होऊन निर्दोष ठरलेल्या असाव्यात. आपल्या सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ अशी वयोमर्यादा मुक्रर आहे. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शंभरात दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. जिथे अटच पुरी होत नाही, तिथे केवळ मर्यादेचा अंमल करणे हा अन्याय होय. कारण ज्या विषाणूच्या संसर्गाला कर्करोगाचे रूप घेण्यास दहा-वीस वर्षे लागतात, त्याचे पन्नाशीत पडलेले बीज सत्तरीत प्रकट होऊ शकते.

पासष्टीनंतर केलेल्या एकाच तपासणीने काय साधणार, असे कोणी विचारील. त्या वेळच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासात, ज्या गटाला विषाणूची एकच चाचणी देऊ केली गेली, त्या गटातील या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्या स्त्रिया वृद्ध नव्हत्या हे खरे. पण आयुष्यात एकदाही न झालेली तपासणी आणि एकदा झालेली तपासणी यांतील अंतर किती मोठे असते, याची साक्ष आपल्याच मातीने दिली आहे.

अर्थात सरसकट सक्ती मला अभिप्रेत नाही. पाळी गेल्यावर पेशीविकाराची जागा आत सरकत असल्याने, सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत वृद्धेच्या बाबतीत अपुरी पडते. तिच्यासाठी विषाणूची चाचणीच योग्य, आणि तिचा नमुना ती स्वतःही घेऊ शकते. अन्य व्याधीसाठी गर्भपिशवी तोंडासकट काढलेली असेल, तर तपासणीचे प्रयोजन उरत नाही. देह फार थकला असेल, तर नको म्हणण्याचा अधिकार तिचाच. मात्र पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल जाऊ लागले, तर वय कितीही असो, त्वरित डॉक्टर गाठलाच पाहिजे.

म्हणून माझी विनंती एवढीच की, रक्तदाबाच्या गोळ्या नेण्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या वृद्धेच्या कागदावर वयाचा आकडा पाहून तिला परत धाडण्यापूर्वी, “आजी, तुमच्या पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली होती का?” हा प्रश्न तिला आदराने विचारला जावा, आणि उत्तर नकारार्थी आले, तर तिच्या संमतीने त्या एका चाचणीची तजवीज तिथेच व्हावी.