बिल्ला भरताना



मागच्या चातुर्मासात मी एक नवा छंद धरला. लष्कराच्या जुन्या कापडी बिल्ल्यांच्या प्रतिकृती हातानं भरायच्या. मावससासूबाईंनी रिंग हातात घेतली, नीट पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, जैनाच्या घरात लढाईची खूण कशाला? कमळ भर, स्वस्तिक भर." तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता, म्हणून आज उत्तर लिहिते.

सुरुवात शेजारच्या आजींमुळे झाली. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. 1941 साली इरिट्रियात, केरेनच्या डोंगरात लढले. सुखरूप परत आले, पण वर्दीच्या जाड कापडाची आईनं बाजाराची पिशवी शिवली आणि बिल्ला कुठं गेला ते कळलंच नाही. ती पलटण पाचव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. डिव्हिजनची खूण अगदी साधी, काळ्या चौकोनावर लाल गोळा. "तू एवढं भरतेस, तेवढं करून देशील का?" आजींनी विचारलं.

काळं जाड सुती कापड घेतलं, औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून गोल आखला. कडेला साखळी टाका, आत भरीव टाका, चौकोनाला काज टाका. सोपं वाटतं, पण गोलाची कड जराही वाकडी गेली तर लगेच डोळ्यांत भरते. दोनदा उसवलं. त्या तासाभरात फोन नाही, उणीदुणी नाहीत. सामायिकाची जागा ते घेत नाही, पण मन शांत करून देतं.

आणि ही शांतता सैनिकांनाही ठाऊक होती. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना इस्पितळात भरतकाम शिकवत. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये अशाच जखमी सैनिकांनी भरलेलं वेदीचं वस्त्र आहे. बंदूक धरलेले हात सुईनं सावरले.

आता मावससासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. यशोधर राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कोंबडा पिठाचा होता, तरी बळी देण्याचा भाव खरा होता आणि त्याचं फळ जन्मोजन्मी भोगावं लागलं. म्हणजे वस्तूपेक्षा भाव मोठा. मग बिल्ला भरताना माझा भाव काय, हेच मला तपासायला हवं. युद्धाची हौस असेल तर सुई खाली ठेवावी. घरापासून हजारो मैल दूर गेलेल्या कुणाच्या तरी वडिलांची आठवण असेल, तर त्यात मला दोष दिसत नाही. गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य सांगितली आहे. रक्षणासाठी उभ्या राहणाऱ्याला आपल्या शास्त्रानं वेगळ्या पायरीवर ठेवलं आहे.

तरीही मी काही नियम पाळते. रेशीम वापरत नाही, सहा पदरी सुती दोराच घेते. कवटी, खंजीर असल्या खुणा भरत नाही. बिल्ला कपड्यावर लावत नाही, फ्रेममध्येच ठेवते. लाल गोळ्याची खूण आजही आपल्या सैन्यात वापरात आहे, आणि सैनिक असल्याचं भासवण्यासाठी अशी खूण वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या 168 व्या कलमाखाली गुन्हा आहे. आणि प्रत्येक बिल्ल्याच्या मागे माझं आद्याक्षर आणि साल टाकते, म्हणजे उद्या कुणी तो जुना म्हणून विकू नये. आपल्या हातच्या कामानं कुणी फसलं, तर सत्य आणि अचौर्य दोन्ही गेलं.

पूर्ण झालेला बिल्ला आजींना दिला. त्यांनी लाल गोळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाबा पिशवी घेऊन बाजाराला जायचे, तेच आठवतं मला." लढाईबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मावससासूबाई तिथंच बसल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी कड जरा बारीक टाक्यानं घे." मी ते उत्तर समजले.