अर्धवट खोपे

पावसाळा सुरू झाला की विहिरीवर झुकलेल्या बाभळींना, शिंदींना सुगरणीचे खोपे लटकू लागतात. एसटीच्या खिडकीतूनही ते दिसतात. काही लांब नळीसकट पुरे झालेले, काही हेल्मेटच्या आकारापर्यंत येऊन तसेच राहिलेले. ते अर्ध्यावर का राहिले असतील, हे मनात येईपर्यंत गाडी पुढच्या फाट्यावर पोचलेली असते.

सलीम अली यांना मात्र थांबायला वेळ मिळाला, आणि तोही नाइलाजाने. बर्लिनला पक्षिशास्त्राचे धडे घेऊन ते १९३० मध्ये परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी निधीअभावी गेली होती. मुक्काम हलला अलिबागजवळच्या किहीमला. तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पक्षी नेहमीचाच, खेड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असलेला. अलींनी त्याच्याकडे दिवसेंदिवस पाहिले, नोंदी केल्या.

त्यातून हाती आलेली हकिकत मजेशीर होती. खोपा विणतो नर. अर्धा झाला की माद्या येऊन तो आतून-बाहेरून तपासतात. एखादीला पसंत पडला तर नर नळी जोडून काम पुरे करतो, ती अंडी घालते, आणि हा गडी शेजारी दुसऱ्या मादीसाठी नवे बांधकाम काढतो. नापसंत खोपे अर्धवटच लोंबकळत राहतात.

याच पक्ष्याकडे खानदेशात एक बाईही निरखून पाहत होत्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर उतरलेल्या त्यांच्या कविता १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्या कवितेत खोपा बांधते ती पिलांची आई. पक्षिशास्त्राच्या हिशेबात हे चूक. पण एवढ्याशा चोचीवर सगळे विणकाम चालते, हे त्यांनी नेमके टिपले आहे, आणि ते शेतात उभे राहून पाहिल्याशिवाय सुचणारे नाही. एकाच खोप्यातून एका ठिकाणी शोधनिबंध निघाला, दुसऱ्या ठिकाणी कविता. दोघांकडे साधन एकच होते: रोजच्या गोष्टीपाशी रेंगाळण्याची तयारी.

अशा रेंगाळण्याऐवजी आपल्याकडे मुलांना सर्जनशील करण्याची घाई फार. त्यासाठी सुट्टीतली शिबिरे निघतात, फी भरली जाते. आणि तिसरी ते पाचवीच्या वेळापत्रकात ‘परिसर अभ्यास’ नावाचा आयता विषय असताना तो चार भिंतींत उरकला जातो. प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली छापील चित्रे चार्टपेपरवर चिकटवणे, तेही बहुतेक घरी आईबाबांनीच.

जून ते सप्टेंबर दर शनिवारी अर्धा तास वर्गाने एकाच झाडाखाली घालवायला काय हरकत आहे? झाड विहिरीवर असेल तर विहिरीला कठडा हवा, सोबत शिक्षक हवेत, खोप्यांना हात लावायचा नाही. वहीत तारीख घालायची, पुरे खोपे किती, अर्धे किती ते मोजायचे, गेल्या शनिवारचा अर्धा खोपा पुरा झाला का ते पाहायचे. शहरातल्या शाळेला सुगरण मिळणार नाही, पण कावळा आणि साळुंकी मिळतील. यावर गुण कसे द्यायचे, असे शिक्षक विचारतील. पहिल्या वर्षी देऊच नयेत. मुलांनी विचारलेले प्रश्न तेवढे फळ्यावर तारखेनिशी लिहावेत आणि पुढच्या शनिवारी तिथूनच सुरुवात करावी.