घंटेचा भूगोल

भूगोलाच्या प्रश्नमंजूषांचें वेड सध्यां आपल्या सुशिक्षित घरांतून चांगलेंच शिरलें आहे. दोन संघ समोरासमोर बसतात, सूत्रधार प्रश्न वाचूं लागतो आणि जो आधीं बझर दाबील त्याला उत्तराचा मान मिळतो. ह्या स्पर्धांसाठीं मुलांना तयार करणारे वर्ग निघाले आहेत आणि आईबाप त्यांकरितां आनंदानें पदरमोड करितात. आमची तक्रार स्पर्धेविरुद्ध नाहीं, ह्या तयारीविरुद्ध आहे, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

गेल्या हिवाळ्यांत आमचा सेमाडोहला मुक्काम होता. मेळघाटांतील हें गांव परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या कांठीं आहे. अशीच तयारी करणाऱ्या मुलांची एक तुकडी तेथें सहलीस आली होती. सकाळची न्याहारी होतांच त्यांच्या गुरुजींनीं अंगणांत दोन बाकें समोरासमोर मांडलीं, पिशवींतून बझर काढले आणि सराव सुरू झाला. “तापीच्या उपनद्या—” एवढे शब्द होतात न होतात तोंच बझर वाजला आणि एक चुणचुणीत मुलगा “पूर्णा, गिरणा, पांझरा, वाघूर” असें एका दमांत म्हणून मोकळा झाला. टाळ्या पडल्या. आम्हीं सहज विचारिलें, “बाळ, ही मागें वाहते ती कोणती नदी?” मुलगा गोंधळला. मग म्हणाला, “काका, ती यादींत नाहीं.”

ती सिपना होती आणि तीही तापीसच मिळते. मेळघाट हा देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक, हें त्या मुलांना पाठ होतें. परंतु त्या मेळघाटांतील जें पाणी त्यांनीं सकाळीं तोंडावर मारलें, तें कोठें जातें हें एकालाही सांगतां येईना. तेथील खानसाम्याचा मुलगा दाराशीं उभा राहून ऐकत होता. त्यानें नदीचें नांव सांगितलेंच, शिवाय आपल्या कोरकू भाषेंत सिपना म्हणजे साग, हेंही सांगितलें. उन्हाळ्यांत कोणता डोह आटत नाहीं, तें तर त्याला विचारावेंच लागलें नाहीं. त्याला बाकावर कोणीं बसविलें नाहीं. बसविलें असतें तरी तो हरलाच असता, कारण तो बोलण्यापूर्वीं क्षणभर नदीकडे पाहत असे.

ह्या तयारीचें तंत्र पाहण्यासारखें आहे. प्रश्न पुरा ऐकणें हा त्यांत अपराध समजला जातो. “महाराष्ट्रांतील सर्वांत उंच” एवढें कानीं पडतांच कळसूबाई; “सर्वाधिक पावसाचें” म्हणतांच मौसिनराम. सूत्रधाराच्या मनांत शिखर असेल कीं धरण, ह्याचा अंदाज बांधावयास शिकवितात, आणि चुकल्यास किती गुण कापले जातील त्याचाही हिशेब घालून देतात. म्हणजे विद्यार्थी पृथ्वीचा अभ्यास करीतच नाहीं. तो प्रश्न काढणाऱ्याच्या संवयींचा अभ्यास करितो. सट्टेबाजाला ही विद्या उपयोगी पडेल.

गुरुजींची बाजूही आम्हीं ऐकून घेतली. ते म्हणाले, बझर जात पाहत नाहीं, वशिला पाहत नाहीं. ज्याचा हात आधीं, त्याचा गुण. शिवाय नांवें पाठ असल्यावांचून नकाशा वाचतां येत नाहीं. दुसरी गोष्ट आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. पाठांतराला नाकें मुरडण्याची जी नवी फॅशन निघाली आहे तिचे आम्ही चाहते नाहीं. परंतु मुळाक्षरें घोटून झाल्यावर वाचन न शिकवितां पुन्हां मुळाक्षरेंच, अधिक वेगानें, घोटून घेणाऱ्या पंतोजीस आपण काय म्हणूं? पहिल्या गोष्टीविषयीं एवढेंच, कीं बझर जात पाहत नसला तरी वर्गाची फी कोणीं भरली हें त्याला बरोबर कळतें.

वास्तविक ह्या मुलुखाइतका भूगोल शिकवावयास सोयीचा मुलूख शोधूनही सांपडणार नाहीं. चिखलदऱ्याच्या डोंगरधारेवर पाऊस पडतो. त्यांतील उत्तरेस उतरलेलें पाणी सिपनेसारख्या नद्यांनीं तापीस जातें. दक्षिणेस उतरलेलें चंद्रभागा, शहानूर यांच्या वाटेनें पूर्णेस जातें, आणि ती पूर्णा जळगांव जिल्ह्यांत चांगदेवाजवळ तापीसच मिळते. शेजारीं पडलेल्या ज्या दोन थेंबांची धारेवर ताटातूट झाली, त्यांची भेट अशी केवढ्या तरी वळशानंतर होते. हें ज्या मुलाला नकाशावर बोटानें दाखवितां आलें, त्याला जलविभाजक म्हणजे काय हें व्याख्येवांचून समजलें.

अमरावतीच्या मुलांना त्यांच्या घरच्या नळावरूनच विचारतां येईल. शहराला पाणी येतें तें मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचें. वर्धेचें पाणी गोदावरीच्या खोऱ्यांतलें. तें स्वभावतः बंगालच्या उपसागराकडे जावयाचें. तेंच अमरावतींत वापरून झालें कीं नाल्यांतून पेढी नदीस, पेढीवाटे पूर्णेस आणि शेवटीं अरबी समुद्राकडे जातें. वर्धेला न विचारतां तिचें पाणी आपण दुसऱ्या समुद्रास देऊन टाकतों! बारा वर्षांच्या मुलास ह्यापेक्षां नवलाची गोष्ट कोणती सांगावी? अकोल्याकडे जा, समुद्र शेंकडों किलोमीटर दूर असतां पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी खारट कां, आणि विहीर असूनही तेथील शेतकऱ्यानें पावसाकडे कां पाहावें, हा प्रश्न घ्या. त्यावर एक तास पुरणार नाहीं, आणि बझर तर मुळींच लागणार नाहीं.

ज्यांना जगांत नांव काढावयाचें आहे त्यांनींही हें लक्षांत घ्यावें. १९९६ सालीं हेग येथें सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय भूगोल ऑलिंपियाडमध्यें लेखी परीक्षेस शेंकडा ४० गुण आहेत, आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करून नकाशा काढण्यासही तितकेच, ४०. तेथें आपल्या पाठांतरपटूंनीं नदीकाठीं उभें राहून काय करावें?

बझर मोडून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. चालकांनीं निदान एक फेरी घंटेवांचून ठेवावी. दहा मिनिटें द्यावीं, नकाशा द्यावा, आणि उत्तर कां बरोबर हें विचारावें. अशी एकादी स्पर्धा सेमाडोहांतच भरवावी आणि तींत मेळघाटच्या आश्रमशाळांतील मुलांना मानानें बोलवावें.

निघतांना आम्हीं गुरुजींस तीन प्रश्न कागदावर लिहून दिले: धारेचा, नळाचा आणि खाऱ्या विहिरीचा. त्यांनीं तो कागद घडी करून खिशांत ठेवला. अजून आफ्रिकेच्या राजधान्या व्हावयाच्या आहेत, वेळ उरला तर घेऊं, असें म्हणाले.