आतला पहारेकरी

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. निरोपाच्या त्या समारंभास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. पुढची कथा नाशिकमधल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते: कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मात्र त्या कथेतले एक पान आपण नेहमी घाईने उलटतो. ब्राउनिंग जातीची वीस पिस्तुले लंडनहून मुंबईस आणणारा चतुर्भुज अमीन हाच पुढे माफीचा साक्षीदार झाला. शस्त्र आणि साक्ष, दोन्ही एकाच हातून आली.

गुप्त संघटनेविषयी बोलताना आपण तिच्या बाहेरच्या शत्रूविषयीच बोलतो. माझ्या मते तिची खरी परीक्षा आत असते. १८९९ च्या अखेरीस नाशिकमध्ये तीन तरुणांनी 'राष्ट्रभक्तसमूह' हे गुप्त मंडळ स्थापन केले आणि त्याची उघड बाजू म्हणून 'मित्रमेळा' निघाला. १९०४ मध्ये त्याचे 'अभिनव भारत' झाले. पहिल्या नावात 'मित्र' होता हे विसरू नये. तिळभांडेश्वराच्या बोळात जमणारी ती मुले आधी एकमेकांची स्नेही होती. शपथ नंतर आली. आणि शपथ आली की मैत्रीचा अर्थ बदलतो. ज्याला माझे गुपित ठाऊक आहे तो माझा मित्र असतो, तसाच तो माझ्या गळ्याभोवतीचा संभाव्य फासही असतो. मग त्याच्यावर नजर कोणी ठेवायची? आणि तो फुटलाच, तर त्याला शिक्षा कोणी करायची?

या प्रश्नाचे महाराष्ट्रातले सर्वांत उघडे उत्तर पुण्यात मिळाले. रँडच्या वधानंतर चाफेकरांच्या परिचयातल्या द्रविड बंधूंनी पोलिसांना माहिती पुरवली. दामोदर चाफेकर १८९८ मध्ये फासावर गेला. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे पंजाबी वेषात द्रविडांच्या दाराशी गेले. 'ब्रूइनसाहेबांनी बोलावले आहे' असा निरोप देऊन त्यांनी दोघा भावांना बाहेर काढले आणि गोळ्या घातल्या. मे महिन्यात दोघेही फाशी गेले. त्यांच्याबरोबर बाळकृष्ण चाफेकरही.

मारणाऱ्यांनी पोलिसांचे नाव घेतले, वेष परका घेतला आणि नेम धरला तो ओळखीच्या माणसांवर. फितुराला शासन करणाऱ्याला काही काळ फितुरासारखेच वागावे लागते: खोटे बोलायचे, विश्वासाने दार उघडायला लावायचे. द्रविडांच्या बाबतीत संशय खरा होता. पण गुप्त संघटनेत पुरावा तपासणारा, आरोपीची बाजू ऐकणारा आणि शिक्षा देणारा एकच असतो. वर अपील नसते. तिथे संशय खरा निघणे हा निव्वळ योगायोग ठरतो. रशियात १८६९ मध्ये नेचायेवने आपल्याच मंडळातल्या इवानोव्हचा खून करवला. त्याचा अपराध एवढाच, की तो मतभेद बोलून दाखवत होता. दस्तयेव्हस्कीच्या 'डेमन्स'चे बीज त्या खुनात आहे. समाजवादी क्रांतिकारकांच्या लढाऊ शाखेचा प्रमुख आझेफ तर स्वतःच पोलिसांचा हस्तक होता, हे १९०८-०९ मध्ये उघड झाले. पहारेकऱ्यावर पहारा ठेवणारा कोणीच नव्हता.

बंगाली साहित्याने हा काटा उघड्या हाताने धरला. शरदबाबूंच्या 'पथेर दाबी'त (१९२६) फितूर अपूर्वला सभा देहदंड सुनावते आणि सव्यसाची त्याला जीवदान देतो. ती दया त्याच्या साथीदारांना रुचत नाही. रवींद्रनाथांच्या 'चार अध्याय'मध्ये (१९३४) अतीन जिच्यावर प्रेम करतो त्या एलालाच संपवण्यासाठी येतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: ज्या स्वातंत्र्यासाठी माणूस शपथ घेतो, त्या स्वातंत्र्यात त्याच्या साथीदाराला चुकण्याची मुभा आहे की नाही?

मराठीत हुतात्म्यांची चरित्रे, पोवाडे, नाटके विपुल आहेत. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' (१९७९) या चित्रपटाने द्रविडांच्या दारापर्यंत कॅमेरा नेला, ही मोठीच गोष्ट. परंतु त्या रात्री निरोप घेऊन जिना चढणाऱ्या तरुणाच्या मनात शिरणारी कादंबरी आपल्याकडे विरळाच. आपण त्याला एक तर देव्हाऱ्यात बसवतो, नाही तर माथेफिरू म्हणून मोकळे होतो. दोन्हींत त्याला ऐकण्याचे कष्ट वाचतात.

असे लिहिणे म्हणजे त्यांच्या त्यागाचा अवमेळ करणे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. विशीच्या आतबाहेरची ही मुले स्वतःचे प्राण द्यायला निघाली होती, हे सोपे नव्हतेच. पण ओळखीच्या माणसाचा प्राण घेणे त्याहून अवघड असले पाहिजे. ते अवघडपण वगळून त्यांची थोरवी सांगणे हीच त्यांच्यावरची खरी मेहेरनजर, असे आपण समजत आलो. चतुर्भुजाचे पान आणि द्रविडांचे पान कथेत परत लावल्याशिवाय 'मित्रमेळा' या नावातला 'मित्र' आपल्याला कळणार नाही.