मालकी विकाऊ नको

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात न्यू बेल्जियम नावाचा बिअरचा कारखाना आहे. त्याची ‘ला फोली’ ही आंबट बिअर वाइनसाठी वापरलेल्या ओकच्या पिंपांत एक ते तीन वर्षे मुरवली जाते. मद्याचा पुरस्कार हा येथे विषय नव्हे. प्रश्न मालकीचा आहे. १९९१ साली निघालेल्या या कारखान्याचे सर्व भाग २०१२ च्या अखेरीस कामगारांच्या न्यासाकडे आले. भांडवलशाहीच्या माहेरघरी श्रमिक मालक झाले, असा गाजावाजा झाला. तथापि २०१९ साली जपानी किरीन समूहाच्या उपकंपनीने देकार दिला आणि कामगारांनीच विक्रीला कौल दिला. तीनशेहून अधिक जणांना प्रत्येकी लाखावर डॉलर मिळतील, असे तेव्हा सांगण्यात आले. त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

दोष रचनेचा आहे. भाग विक्रेय असले की आजचा कामगार आपला वाटा घेऊन मोकळा होतो. उद्याचा मात्र पुन्हा नुसता नोकर राहतो. सहकारी साखर कारखाने खाजगी हातांत जाताना पाहिलेल्या महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. श्रमिकांची मालकी टिकवायची असेल, तर ती प्रथम अविक्रेय केली पाहिजे.