शून्य दलालीचा हिशेब

वर्षातून एकदोनदा, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर वा बोनस हाती आला की, चार समभाग घेऊन ठेवणारा मध्यमवर्गीय गृहस्थ दलाल निवडताना केवळ दलालीचा दर पाहतो. वास्तविक पाच हजारांच्या खरेदीवर २० रुपये दलाली म्हणजे ०.४ टक्के. पण डीमॅट खात्याचे वार्षिक शुल्क समजा ३०० रुपये असेल, तर वर्षभरातील दहा हजारांच्या खरेदीवर ते ३ टक्के होते. आणि खरेदी केली नाही तरी ते चुकत नाही!

यावर ‘सेबी’चीच तोड आहे: मूलभूत सेवा डीमॅट खाते. १ सप्टेंबर २०२४ पासून ४ लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीस वार्षिक शुल्क नाही, पुढे १० लाखांपर्यंत १०० रुपये. अट मात्र कळीची आहे. प्रथम धारक म्हणून आपल्या नावे दुसरे डीमॅट खाते नसावे. फुकटच्या मोहाने तीन ठिकाणी खाती उघडणारे ही सवलत गमावतात, आणि हे त्यांच्या गावीही नसते.

मग शून्य दलालीवाल्यांचे पोट कशावर भरते? मुख्यतः वायदेबाजारावर. ‘सेबी’च्याच २०२४ च्या पाहणीनुसार तेथील ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तीन वर्षांत तोट्यात गेले. खाते उघडताना ती सुविधा घेऊच नये.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. ग्राहकांच्या समभागांचा गैरवापर केल्यावरून ‘सेबी’ने नोव्हेंबर २०१९ मध्ये कार्वीवर निर्बंध घातले. तेव्हा दलालाच्या ॲपवर न विसंबता, खरेदीनंतर डिपॉझिटरीकडून येणारे विवरणपत्र स्वतः ताडून पाहावे.