आजोबांची गोळी काम करते का?

दोस्तांनो, हार्ट अ‍ॅटॅकमधून बरे झालेले एखादे आजोबा तुमच्या ओळखीचे असतीलच. रोज जेवण झालं, की ते एक बारीकशी गोळी घेतात. बहुधा ती अ‍ॅस्पिरिनची असते. तापाच्या गोळीने ताप उतरलेला कळतो. या गोळीने मात्र आजोबांना काहीच जाणवत नाही. मग ती काम करते की नाही, हे ओळखायचं कसं?

आपल्या रक्तात रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट्स असतात. खरचटलं की त्या एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात. पण हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत त्या अशाच चिकटल्या, तर गुठळी होऊन वाट बंद! चिकटताना त्या थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडून इतरांना हाका मारतात. अ‍ॅस्पिरिन या हाकाच बंद करतं.

आता तपासणी. आजोबांच्या रक्तातला प्लेटलेट्सचा गढूळ, पिवळसर द्रव वेगळा काढतात. त्यातून प्रकाश सोडतात आणि अ‍ॅराकिडोनिक आम्ल घालतात. प्लेटलेट्स त्यापासूनच थ्रॉम्बॉक्सेन बनवतात. दूध नासलं की चोथा आणि नितळ पाणी वेगळं होतं ना? तसंच इथे. प्लेटलेट्सचे पुंजके झाले, की द्रव निवळतो आणि जास्त प्रकाश आरपार जातो. म्हणजे गोळीचा परिणाम नाही! द्रव गढूळच राहिला, तर गोळी कामाला लागली. आहे की नाही उलटी गंमत? प्रकाशाची ही युक्ती १९६२ साली गुस्ताव बॉर्न यांनी मांडली. नोबेलविजेते शास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे हे चिरंजीव, बरं का!

ही तपासणी सरसकट सगळ्यांची करत नाहीत. 'परिणाम नाही' असं आलं, तर डॉक्टर आधी विचारतात, "आजोबा, गोळी रोज घेता ना?" पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं! प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस जगते. अ‍ॅस्पिरिनने तिला एकदा गप्प केलं, की ती मरेपर्यंत गप्प. पण शरीर रोज नव्या प्लेटलेट्स बनवतं आणि त्यांना गोळी मिळालेलीच नसते. दोन-चार दिवस विसरलं, की पुन्हा हाका सुरू!

मग एक काम कराल? आजोबांनी गोळी घेतली, की कॅलेंडरवर खूण करा. खूण राहिली, तर आठवण करा. मात्र गोळी सुरू किंवा बंद करणं डॉक्टरांचंच काम. आणि तुम्ही स्वतः तिला हात लावू नका हं! फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिनने क्वचित, पण फार गंभीर आजार होऊ शकतो.